तीन वर्षं न हललेला माल

स्टॉककाकांचा एक नियम होता, आणि त्या नियमानं त्यांच्या घराला अगदी जेरीस आणलं होतं. तीन वर्षं जी वस्तू जागची हलली नाही, ती निकाली काढायची. पंप बनवणाऱ्या कारखान्याचं भांडार सांभाळताना काकांनी सगळी नोकरी या एका नियमावर काढली. वर्षअखेरीला ते हातात खडू घेऊन रॅकमधून फिरत. जो माल मागणीत आहे त्याच्या खोक्यावर गोल, आणि जो नुसता धूळ खात बसलाय त्याच्यावर फुली. फुली पडली की माल भंगारात गेला म्हणून समजा, मग मोठे साहेब आडवे आले तरी. 'स्टॉक' हे नाव त्यांना तिथंच चिकटलं. निवृत्तीनंतर ते नाव घरी आलं, आणि काकूंच्या दुर्दैवानं खडूही आला.

घरी आल्या आल्या त्यांनी दोन छत्र्या, एक पाळणा, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली गादी आणि मेहुणीनं लग्नात दिलेलं, पण कधीच वेळेवर न चाललेलं घड्याळ निकाली काढलं. काकूंनी तिकडे काणाडोळा केला. माणूस घरात नवा आहे, रुळेल हळूहळू, असं त्या म्हणत. मग टाइपरायटरचं प्रकरण घडलं.

काकू शब्दकोडी रचत. एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर त्यांचं कोडं यायचं. वाचक अंक हातात पडला की आधी मागूनच उघडतात, असं काकू छातीठोकपणे सांगायच्या, आणि काका त्यावर वाद घालत नसत, कारण ते स्वतःही मागूनच उघडायचे. पूर्वी ही कोडी टाइपरायटरवर तयार व्हायची. पुढे संगणक आला, टाइपरायटर कपाटावर चढला, तिथं तीन वर्षं मुकाट बसला आणि चौथ्या वर्षी, काकू बाजारात गेल्या असताना, भंगारवाल्याच्या हातगाडीवरून रवाना झाला.

परत आल्यावर काकू रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं. काकांना आरडाओरडा चालला असता, कारखान्यात त्यांनी भल्याभल्या फोरमनच्या शिव्या पचवल्या होत्या. पण समोर बसून शांतपणे चहा पिणारी आणि तोंडातून अवाक्षर न काढणारी बायको त्यांना सोसवेना. शेवटी त्यांनी शरणागती पत्करली. "तुझ्या कामाच्या वस्तूला यापुढे तुला विचारल्याशिवाय बोटसुद्धा लावणार नाही," असं शपथेवर सांगितलं. तेव्हा कुठं काकूंच्या तोंडून पहिला शब्द निघाला.

"बघू," त्या म्हणाल्या.

तर ही शपथ काका आजवर इमानानं पाळत आले होते. आणि त्या दिवशी जे झालं त्यातही आपण शपथ मोडली नाही, असं त्यांचं सकाळी अकरापर्यंत प्रामाणिक मत होतं.

झालं असं, की साप्ताहिकाचा विशेष अंक निघायचा होता आणि त्यात काकूंचं पानभर पसरलेलं एक महाकोडं यायचं होतं. काकूंनी त्यात दोन महिने जीव ओतला होता. जेवताना मध्येच हात थांबायचा, ओठ पुटपुटायचे, मग उष्ट्या हातानंच त्या संगणकाकडे धावायच्या. कोडं पुरं झालं होतं, एकदा नजरेखालून घालून संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं होतं. पण संगणक जुना. एक खिडकी उघडायला सांगितली की तो आधी घुरघुरायचा, मग विचार करायचा, मग विसरायचा. आदल्या दिवशी काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या, "नको तो कचरा पोटात घेऊन बसलंय हे. एक दिवस ऐन वेळी माझा घात करणार."

त्या बोलून गेल्या, पण काकांनी ते मनावर घेतलं. त्याचंही कारण होतं. कारखान्यात दिवसभर त्यांच्या खिडकीपुढं रांग असायची. काका हे द्या, काका ते आहे का, काका तुमच्यावाचून काम अडलंय. घरी मात्र त्यांच्याकडे कोणी काही मागत नसे. दिवसाकाठी त्यांना उद्देशून जी वाक्यं बोलली जात, त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं असायचं, "जरा पाय वर घ्या, झाडायचंय." काकांना याचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं हे सांगायची लाजही वाटायची. म्हणून काकू सकाळी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या तसे काका खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीतून उठले आणि संगणकासमोर जाऊन बसले. बायको परत येईल तेव्हा यंत्र कसं वाऱ्यासारखं पळत असेल, आणि ती कशी थक्क होईल, हे त्यांना डोळ्यांपुढं दिसतच होतं.

शपथेचा मुद्दा त्यांनी आधीच निकालात काढला. काकूंची कोडी ठेवलेला कप्पा वेगळा होता, त्यावर काकूंचं नाव होतं. त्याला काका हात लावणार नव्हते. ते बघणार होते ते फक्त बेवारशी मालाकडे.

संगणकाच्या पोटात शिरल्यावर पहिलाच धक्का बसला तो हा, की काही फायली चक्क लपवून ठेवलेल्या होत्या. लपवलेला माल! काकांच्या मते जगात याहून मोठा गुन्हा नव्हता. त्यांनी इकडेतिकडे चाचपडून 'लपलेलं दाखवा' अशा अर्थाची खूण शोधली, तिच्यावर टिचकी मारली, आणि बघतात तर काय, चोरपावलांनी शे-दोनशे फायली उजेडात आल्या. एकीलाही धड नाव नाही. तोंडात खडे धरून म्हणावीत अशी चार-पाच अक्षरं, मग टिंब, मग आणखी तीन अक्षरं. तारखा तर संगणक विकत घेतला त्याच्याही आधीच्या. त्या दिवसापासून आजतागायत एकाही फायलीला कोणी हात लावलेला नव्हता.

"तीन वर्षं काय घेऊन बसलात," काका फायलींना उद्देशून म्हणाले, "तुम्ही तर मुक्कामालाच आलाय."

त्यांनी फायली निवडल्या आणि काढायची आज्ञा दिली. संगणकानं हात जोडले. या फायली यंत्रणेच्या आहेत, काढल्यास संगणक चालेनासा होईल, तरीही काढायच्या का, असं त्यानं विचारलं. हे वाक्य काकांच्या चांगलं ओळखीचं होतं. कारखान्यातला प्रत्येक विभाग आपल्या पडून राहिलेल्या मालाबद्दल हेच म्हणायचा, की राहू द्या हो, काढलं तर कारखाना बंद पडेल. काकांनी कधी ऐकलं नव्हतं आणि कारखाना कधी बंद पडला नव्हता. काही फायलींनी मात्र आम्ही सध्या कामात आहोत असं सांगून जागा सोडायला नकार दिला. त्यांना काकांनी मानानं सोडून दिलं. कामावरच्याला उठवायचं नाही, एवढी माणुसकी त्यांच्याकडे होती. उरलेल्या सगळ्या त्यांनी निकाली काढल्या, आणि वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण भंगार आवारातच ठेवून देणाऱ्या माणसाला ते अर्धवट समजत.

मग आपण केलेली करामत पाहावी म्हणून त्यांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

पडदा काळा झाला तो काळाच राहिला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली. अमुक नावाची फाइल सापडत नाही.

"सापडेल कशी?" काका म्हणाले. "मी निकाली काढली ना ती."

संगणक आपल्या म्हणण्यावर ठाम होता. काकांनी तो पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. सापडत नाही. त्याला थोडी विश्रांती दिली, चहा करून प्यायले, मग समजुतीच्या सुरात बटण दाबलं. सापडत नाही. सगळ्या नोकरीत काकांच्या खिडकीतून 'सापडत नाही' हे उत्तर कोणाला मिळालं नव्हतं, आणि आज तेच उत्तर त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्याच तोंडावर फेकलं जात होतं. आता काकांना लख्ख दिसलं, की काकूंचा कप्पा सुखरूप असला तरी त्याच्या दाराला कुलूप लागलंय आणि किल्ली आपणच विहिरीत टाकलीय. दोन महिन्यांचं कोडं आत होतं. सहा वाजता ते साप्ताहिकाला हवं होतं. आणि टाइपरायटरनंतर जी शांतता घरात पसरली होती, ती पुन्हा पसरली तर या वेळी उठेल की नाही, कोण जाणे.

मदत मागता येईल असं माणूस एकच होतं, आणि त्याच्याकडे मागावी असं ते मुळीच नव्हतं. काकूंची धाकटी बहीण एका बँकेच्या संगणक विभागात होती. तिनं दिलेलं घड्याळ निकाली निघाल्यापासून ती काकांच्या पाळतीवरच होती.

"भावजी! आज कशी काय आठवण काढलीत?"

"सहज गं. एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांचा संगणक..."

"हं. मग काय उद्योग केला तुमच्या गृहस्थांनी?"

काकांनी सांगितलं. पलीकडे आधी खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला, आणि मग असं हसू फुटलं की काकांना फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला.

"भावजी, अहो त्या फायली न हलणाऱ्याच असतात! घराचा पाया कधी हलताना बघितलाय का? बघितलात तर पळत सुटाल. म्हणून तर लपवून ठेवतात त्यांना, तुमच्यासारख्या गृहस्थांपासून."

"बरं, बरं. आता उपाय सांग. आणि ताईला यातलं काही कळता कामा नये."

"नाही कळणार. पण माझी एक अट आहे. पुढच्या वेळी सगळे जमलो की आमच्या ह्यांच्या विनोदांना हसायचं. मोठ्यानं."

काकांनी डोळे मिटले. धाकटीचा नवरा एकच विनोद चार वेळा सांगायचा आणि चौथ्यांदा समजावूनही सांगायचा. पण अडलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही. त्यांनी होकार दिला.

"शहाणे आहात. आता संगणकाबरोबर एक सीडी आली होती बघा, मूळ यंत्रणेची. त्या सगळ्या फायली तिच्यात जशाच्या तशा असतात. ती शोधा, घाला आणि मला फोन करा. ती आहे ना जपून ठेवलेली?"

काकांनी "बघतो" म्हणून फोन ठेवला. सीडी ठेवलेली होती, पण जपून म्हणता येईल अशी नव्हे. उन्हाळ्यात इमारतीत कबुतरांनी उच्छाद मांडला, तेव्हा टांगलेल्या सीडीच्या चमकेला कबुतरं बिचकतात असं कोणीतरी म्हणालं. काकांनी खण उघडला, वर्षानुवर्षं न हललेल्या सगळ्या सीड्या काढल्या, त्यांना सुतळ्या बांधल्या आणि शेजारीपाजारी वाटून टाकल्या. त्या दिवशी त्यांचं फार कौतुक झालं होतं. कोणाला कोणती दिली याची नोंद मात्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ठेवली नव्हती.

पहिल्यांदा ते वरच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे गेले. "कबुतरांचं कसं काय आहे, म्हटलं बघून यावं," असं म्हणत ते थेट गॅलरीत घुसले. शिंप्याला इतक्या आपुलकीनं कोणी कबुतरांबद्दल विचारलं नव्हतं. त्यानं एका गिऱ्हाइकाचा नवा कोट आणून दाखवला, त्यावरचा डाग दाखवला, ज्या कबुतरानं हे केलं तेही समोरच्या तारेवर बसलेलं दाखवलं. काका माना डोलवत सुतळी फिरवून सीडीची पाठ वाचत होते. पत्त्यांच्या खेळांची निघाली. तळमजल्यावरच्या बसड्रायव्हरकडची छपाईच्या यंत्राची निघाली, आणि ड्रायव्हरनं त्यांना कबुतरांच्या उड्डाणाबद्दल जे ऐकवलं ते सगळं त्यांना उभ्यानं ऐकावं लागलं.

राहता राहिली नर्स. रात्रपाळी करून ती नुकतीच झोपली होती. दार उघडलं तेव्हा तिचा एकच डोळा उघडा होता, आणि त्या एका डोळ्यातही काकांचं स्वागत नव्हतं. गॅलरीत उन्हात गरगर फिरणारी सीडी काकांनी लांबूनच ओळखली. तीच होती.

"ही मी जरा घेऊन जातो. तपासायची आहे."

"काका, या अख्ख्या इमारतीत फक्त माझ्या गॅलरीत कबुतर फिरकत नाही. ते या सीडीमुळे. आणि तुम्ही ती न्यायला आलात? सीडीची कसली आलीय तपासणी?"

"चमक कमी झालीये का, ते बघायचंय."

"मला झोपेतून उठवून?" तिचा दुसरा डोळाही आता उघडला. "बदल्यात काय देताय?"

काका घरी गेले आणि आपला दाढीचा आरसा घेऊन आले. नर्सनं तो उलटसुलट करून पाहिला, सुतळीला बांधला आणि काकांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

सीडीची दशा पाहवत नव्हती. उन्हानं ती फिकटली होती, पाठीवर ओरखडे होते, आणि कबुतरं फिरकत नाहीत हा नर्सचा दावा कसा खोटा होता याचा पुरावाही तिच्यावर वाळलेला होता. काकांनी ती स्वयंपाकघरात नेली, भांड्यांच्या साबणानं हलक्या हातानं धुतली आणि निथळायला ताटाळ्यात बश्यांच्या मध्ये उभी केली. तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

काकू आल्या. त्यांचा एक गाल टम्म फुगला होता आणि ओठांच्या कोपऱ्यातून कापूस डोकावत होता. त्यांनी गालाकडे बोट केलं, मग ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय, एवढं काकांना कळलं, आणि आधी त्यांना वाटलं की नशीब धावून आलं. विचारणार नाही, म्हणजे सांगायला नको. मग काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ही शांतता काकांच्या ओळखीची होती. फक्त या वेळी ती दातांमुळे होती की त्यांच्यामुळे, हे कळायला काही मार्ग नव्हता.

काकू पाणी प्यायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तर्जनीत, अंगठी घालावी तशी, सीडी अडकवलेली होती. तिच्यावरून साबणाचा एक थेंब फरशीवर पडला.

"ती... कबुतरांसाठी," काका म्हणाले.

काकूंच्या तोंडाचा न सुजलेला कोपरा जरासा वर गेला. आता अर्ध्या तोंडाचं हसू आणि अर्ध्या तोंडाचा राग यांतला फरक कसा ओळखायचा, हे काकांना कोणी शिकवलं नव्हतं. काकू संगणकासमोर जाऊन बसल्या. काळा पडदा वाचला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, तीन वाजून गेले होते. मग सहा बोटं दाखवली आणि काकांकडे वळून दोन्ही भुवया उंचावल्या.

काकांचा बांध फुटला. त्यांनी सगळं सांगितलं. लपवलेल्या फायली, शिंप्याचा कोट, दाढीचा आरसा, धाकटीच्या नवऱ्याचे विनोद, काही म्हणता काही ठेवलं नाही. "तुझ्या कप्प्याला मी हात नाही लावला गं, शपथ," ते म्हणाले. "काल तू म्हणालीस ना, कचरा घेऊन बसलंय. मला वाटलं, तेवढं तरी आपण करून द्यावं तुला. दुसरं काय करतो मी दिवसभर? काही उपयोगाचं करायला गेलो आणि तुझं कोडंच घालवून बसलो." आवाज चिरकला, तेव्हा त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

काकूंनी क्षणभर मान खाली घातली. मग आपला फोन उचलला, धाकटीला लावला आणि काकांच्या हातात दिला. त्या फोनवर आलेल्या फोनांच्या यादीत धाकटीचं नाव सगळ्यात वर कसं, हे काकांच्या ध्यानातही आलं नाही. इतके ते घाबरले होते.

"सीडी घातलीत? आता नीट ऐका," धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात या वेळी हसू नव्हतं. "तुमच्यापुढं दोन पर्याय येतील. एक दुरुस्तीचा. दुसरा, सगळं पुसून नव्यानं मांडायचा. दुसऱ्याकडे ढुंकूनही बघू नका. तो दाबलात तर ताईचं कोडं कायमचं गेलं."

सगळं पुसून नव्यानं मांडायचं! सगळ्या नोकरीत काकांना याहून गोड शब्द ऐकायला मिळाले नव्हते. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि त्यांचं बोट सवयीनं खालच्या ओळीच्या कळीकडे निघालंसुद्धा. ते अर्ध्या वाटेत थांबलं. काकांनी दुसऱ्या हातानं ते धरलं आणि बायकोकडे वळून विचारलं, "वरची दाबू? दुरुस्तीची?"

काकूंनी मान हलवली. काकांनी कळ दाबली. पुढच्या पडद्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्यावरही विचारलं. टाइपरायटरपासून साठलेलं सगळं विचारणं त्यांनी त्या एका दुपारी उरकलं असावं.

सीडी कुरकुरत फिरू लागली. एकेका फायलीचं नाव पडद्यावर यायचं, जागेवर जाऊन बसायचं आणि नाहीसं व्हायचं. सकाळी ज्यांना मुक्कामाला आलाय म्हणून हिणवलं होतं, त्यांचं आता काका नाव घेऊन स्वागत करत होते. "या. या. तुम्हीही या." आणि मध्येच सगळं अडलं. ही फाइल सीडीवरून वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करायचा, की ही सोडून पुढं जायचं?

"सोडू नका," धाकटी म्हणाली, "एक सुटली तरी... आले साहेब. ठेवते." फोन बंद झाला.

काकांनी पुन्हा प्रयत्नाची कळ दाबली. वाचता येत नाही. पुन्हा दाबली. वाचता येत नाही. सोडून पुढं जायची ओळ तिथंच खुणावत होती. पण इथं मात्र काका आपल्या मुलखात आले होते. उतरवून घेतलेल्या मालात एक नग कमी असताना त्यांनी जन्मात पावतीवर सही केली नव्हती. ट्रकवाले ओरडायचे, हॉर्न वाजवायचे, काका ढिम्म. त्यांनी सीडी बाहेर काढली, उजेडात तिरपी धरली. काठाजवळ एक बारीकसा पांढरा ठिपका साबणातूनही वाचला होता. काकूंनी न सांगता आपला चष्मा पुसायचा मऊ रुमाल पुढं केला. काकांनी मधून काठाकडे, मधून काठाकडे, असं इतक्या नाजूक हातानं पुसलं की काकू त्यांच्या हातांकडे बघतच राहिल्या. सीडी परत आत गेली. वाचता येत नाही. काकांनी दाबली. वाचता येत नाही. काकांनी कपाळाचा घाम बाहीला पुसला आणि पुन्हा दाबली.

फायलीचं नाव नाहीसं झालं. पुढचं आलं.

पडदा उजळला तेव्हा सहाला थोडाच अवकाश होता. काकूंनी आपला कप्पा उघडला. महाकोडं जागेवर होतं, काळेपांढरे चौकोन सगळे शाबूत. काकूंनी ते झरझर नजरेखालून घातलं, दोन ठिकाणी काहीतरी बदललं आणि साप्ताहिकाकडे पाठवून दिलं. जुन्या संगणकानं घुरघुर केली, विचार केला, पण विसरला नाही. गेलं.

काका खुर्चीत मटकन बसले. काकू उठून मोरीकडे गेल्या, गालातून कापसाचा एक बोळा काढला, मग दुसरा काढला, मग तिसरा, चूळ भरली आणि बाहेर येऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर आज आलेच नाहीत. दुपारपर्यंत वाट बघितली, मग दवाखानाच बंद केला."

काकांचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे तू... बोलू शकत होतीस?"

"तुमचा फोन ठेवायच्या आत धाकटीनं मला कळवलं. कापूस मी वाटेत विकत घेतला."

"का पण?"

"बोलले असते तर ओरडले असते. ओरडले असते तर तुमचा हात थरथरला असता, आणि नेमका त्या खालच्या कळीवर पडला असता. म्हणून तोंडालाच बूच लावलं." त्या थांबल्या. "खोटं कशाला सांगू, तुमचा चेहरा बघून मजाही आली."

मग त्या काकांच्या खणाकडे गेल्या आणि त्यातला खडू काढला.

"आता तुमच्या नियमानं बघू," काकू म्हणाल्या. "या घरात तीन वर्षं जागचं न हललेलं काय काय आहे? खिडकीजवळची ती खुर्ची. आणि तिच्यात बसलेले एक गृहस्थ. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, संध्याकाळी खिडकी. झाडताना तेवढे पाय वर होतात."

काकांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. हे त्यांनी स्वतःशी किती वेळा म्हटलं होतं, फक्त ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि फुलीची वाट बघू लागले.

काकू वाकल्या. काकांच्या शर्टाच्या खिशावर, अगदी छातीवर, त्यांनी खडूनं सावकाश एक गोल काढला. वाटोळा, पुरा, कुठं न तुटलेला.

"पाया आहे तो माझ्या घराचा," त्या म्हणाल्या. "हलत नाही म्हणून तर मी उभी आहे. मला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. कळलं?"

काकांनी मान हलवली. बोलणं त्यांना शक्य नव्हतं, आणि त्यांच्या तोंडात तर कापूसही नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीचा नवरा होता. "भावजी, ही म्हणाली की तुम्हाला माझा तो विनोद पुन्हा ऐकायचाय..." विनोद सुरू व्हायच्या आतच काका हसायला लागले, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले. खालच्या मजल्यावर नर्सच्या गॅलरीत दोन कबुतरं आरशासमोर मान वेळावत बसली होती.

तो शर्ट काकांनी पुन्हा अंगात घातला नाही आणि धुवायलाही दिला नाही. कपाटात घडी घालून ठेवलाय. तीन वर्षं केव्हाच उलटून गेली.